मोडीचे सोने

धनत्रयोदशीला सोने घ्यावे, पाडव्याला घ्यावे, दसऱ्याला तर आपट्याचे पानसुद्धा सोने म्हणून लुटावे. सोने घेण्याचे मुहूर्त आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते विकण्याचा मुहूर्त मात्र मी कोणत्याच पंचांगात पाहिला नाही. विकणे हा शब्दही आपण सोन्याला सहसा लावत नाही. म्हैस विकतो, रान विकतो, वेळ आली तर राहते घर विकतो; दागिना मात्र 'मोडतो'. अमकीने पाटल्या मोडल्या, तमकीने बोरमाळ मोडली, असे आपण म्हणतो नि म्हणताना आवाज आपोआप थोडा खाली येतो. विकत घेतलेले सोने काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्यांच्या झगमगाटात सगळ्यांनी पाहिलेले असते. मोडलेले सोने पुढे कोठे जाते, हे फार थोड्यांनी पाहिले असेल. मी पाहिले आहे. लहानपणाची सहा वर्षे मी त्याच दुकानात काढली.

दुकान होते सेलमला, त्या वेळच्या मद्रास राज्यात. आणि आमचे गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पूर्वेला. नकाशावर या दोन ठिकाणांचा काही संबंध दिसत नाही. तो संबंध दुष्काळाने जोडला. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे साताऱ्याचे माण नि खटाव हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. कृष्णाकाठी ऊस माणसाच्या डोक्यावर जाई, आणि तिथून एस. टी.ने दीड-दोन तासांच्या अंतरावर आमच्याकडे बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपून जाई. अशा मुलखातल्या माणसांना सोने गाळण्याचा धंदा कसा सापडला, ही मोठी मौज आहे. पहिला माणूस कोण गेला, कोठे गेला, कोणाच्या हाताखाली शिकला, याच्या प्रत्येक गावात निराळ्या कथा आहेत. आणि प्रत्येक कथेत तो पहिला माणूस आपल्याच गावचा असतो.

रीत मात्र सगळीकडे एकच. एकजण परमुलखात सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी मांडी. गावी आला की भावाचा नाहीतर मेहुण्याचा दहा-बारा वर्षांचा पोर बरोबर नेई. तो पोर भाता हलवी, पाणी भरी, कोळसा फोडी. अन्नवस्त्रावर पाच-सात वर्षे काढी. मग त्याला तेजाबाची बाटली हाताळायला मिळे, आणि एक दिवस तो शेजारच्या गावी आपली भट्टी मांडी. पुढे त्याचा भाचा येई. वडाच्या पारंबीला जमीन लागली की तिचाच बुंधा होतो, तसा हा धंदा केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बिहारात, बंगालात पसरला. कोणी योजना आखली नाही, कोणी भांडवल उभे केले नाही. आज देशातल्या पुष्कळ मोठ्या सराफ पेठांच्या मागे एखादी अरुंद खोली सापडते, तिच्यात रेवणसिद्धाची तसबीर असते, आणि आत 'जेवलास का रं?' असे कोणीतरी कोणाला विचारत असते.

सेलमचे लोक आम्हांला 'सेटू' म्हणत. उत्तरेकडून आलेला व्यापारी तो त्यांच्या लेखी सेटू. ते ऐकून आई हसे. सेटूच्या बायकोच्या गळ्यात काळ्या मण्यांत दोन सोन्याच्या वाट्या, एवढाच काय तो ऐवज होता.

गलाई म्हणजे काय, हे सांगायला हवे. दागिन्यात नुसते सोने कधीच नसते. चोख सोने मऊ. त्याची अंगठी चार दिवसांत वाकडी व्हायची. म्हणून सोनार त्यात तांबे नि चांदी मिसळतो. बावीस कॅरट म्हणजे शंभरात साधारण एक्याण्णव-साडेएक्याण्णव भाग सोने. शिवाय सांधे जोडताना लावलेला डाग निराळा, आणि पोकळ मण्यांत भरलेली लाख निराळी. बोरमाळेचे मणी हातात गच्च लागतात ते त्या लाखेमुळे. भट्टीत माळ पडली की आधी लाखेचा वास येई, आणि गिऱ्हाईक तिथे उभे असेल तर त्याचा चेहरा उतरे. कारण इतकी वर्षे ज्या वजनाचा अभिमान धरला त्यातले काही नुसतेच धूर होऊन जात असे.

तात्या, म्हणजे माझे वडील, आधी कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासत. शेजारी माहीत कसाच्या काडीची रेघ ओढत. दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब लावून बघत बसत. डोळ्यांना दिसत असे ते सांगत. दगडाला कळत असे ते सांगत नसत, असे त्यांचे हसून म्हणणे. मग दागिना मुशीत जाई, वर टाकणखाराची चिमूट. लाल, मग नारिंगी, मग पिवळे. आणि सगळे पातळ झाले की त्या रसावर एक हिरवट झाक तरंगे. ती झाक मला फार आवडे. सोन्याचा तो रंग दागिना घालणाऱ्या बाईला जन्मात दिसत नाही.

यापुढचे काम तेजाबाचे. मिश्र सोन्यात मुद्दाम आणखी चांदी घालायची, एक भाग सोन्याला तीन भाग चांदी, इतकी. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. शुद्ध करायचे आणि वर भेसळ घालायची! पण सोने फार असले तर तेजाबाला आत शिरायला वाट मिळत नाही. चांदी ही ती वाट. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, आणि दाणे शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, उकळायचे. तांबे विरघळते, चांदी विरघळते, पाणी निळे-हिरवे होते, आणि तळाशी उरतो तपकिरीसारखा एक भुगा. ते सोने. कोणाला सांगितले तर खरे वाटू नये असे मळकट. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातले की मग ते आपल्या रूपावर येते. निळ्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदी राखाडी शेवाळासारखी त्याच्यावर जमू लागते. तीही परत मिळवायची. वाया काही जाऊ द्यायचे नाही, हे या धंद्याचे पहिले नि शेवटचे शास्त्र.

म्हणून आमच्या दुकानातला केर उकिरड्यावर जात नसे. तो एका पत्र्याच्या डब्यात साठे. फुटक्या मुशी कुटून त्यात टाकीत. हात धुतलेले पाणीसुद्धा एका मडक्यात निवळत ठेवीत. सहा महिन्यांनी केर घ्यायला माणूस येई. आपल्याकडे अशा माणसाला झारेकरी म्हणतात; सोनाराच्या दुकानातली राख-माती धुऊन तीतले कण काढणारा. राजस्थानात उदयपूरजवळ जावर म्हणून जुनी जस्ताची खाण आहे. तिथे कित्येक शतकांपूर्वी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून जस्त काढीत, एका भट्टीत छत्तीस. वापरलेल्या मुशी रचून तिथल्या लोकांनी घरांच्या भिंती उभ्या केल्या, त्या अजून दिसतात. ते वाचले तेव्हा पहिला विचार माझ्या मनात आला तो असा की, मुशीची भिंत बांधणे जस्तवाल्याला परवडले असेल. आमच्या आईने तर मुशीचा एक तुकडाही घराबाहेर जाऊ दिला नसता. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा घरोघर होते, ती लक्ष्मी कशी, हे पुराणिकाला समजावून द्यावे लागते. आमच्या दुकानात समजावण्याची गरज नव्हती.

१९६२ च्या शेवटी चीनचे युद्ध झाले. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. लगेच १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा दागिना करायचा नाही! चौदा कॅरट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न-एकोणसाठ भाग सोने. उरलेले तांबे नि चांदी. सरकारचा हेतू असा की दागिना हीणकस झाला म्हणजे लोकांची सोन्याची हौस कमी होईल आणि सोन्याची चोरटी आयात थांबेल. हौस कमी झाली नाही. सोनारांचे हात मात्र थांबले. देशभर लाखो सोनार बेकार झाले. काहींनी जीव दिला. आमच्या बोळातला एक पत्तर, म्हणजे तिकडचा सोनार, दुपारचा येऊन आमच्या पायरीवर नुसता बसे. त्याची बोटे एकमेकांवर अशी फिरत की जणू तार ओढीत आहेत. चौदा कॅरटची अट १९६६ साली गेली, पण १९६८ साली कायदाच झाला, आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडले. तोपर्यंत तो पत्तर कधीच सायकलदुरुस्तीकडे वळला होता.

तात्यांनी चांदी धरली. सेलम चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. घरोघर पैंजणांची जोडणी चाले. जुनी चांदी गाळून चोख करायची आणि पैंजणवाल्यांना द्यायची, हे काम मिळाले. सोन्यापेक्षा चांदीत मिळकत थोडी नि तेजाब फार.

या तेजाबाबद्दल लिहायचे मी टाळत होतो, पण त्यावाचून हे पुरे व्हायचे नाही. चांदी विरघळू लागली की एक तांबूस-पिवळा धूर उठतो. नाकाला झोंबतो, खोकला येतो, आणि मग सवय होते. गलाईवाल्यांचे पुढचे दात पिवळे पडून झिजलेले असत. त्यावरून आपला माणूस रेल्वेच्या डब्यातसुद्धा ओळखू येई. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, तेजाबाच्या कामात सगळ्यांत वाकबगार होते. १९६४ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. तिकडे दिवाळी पावसात येते. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. पैंजणवाल्यांची घाई होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मागचे दार नि झरोका लावून घेतले होते. दोन तास आण्णा त्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा थोडे खोकले, तोंड धुतले, रात्री नीट जेवले. भात-आमटी जेवले, मला आठवते. माझ्या ताटातला पापड मोडून घेतला. मध्यरात्रीनंतर त्यांना दम लागला. छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येत होता. पहाटे गेले. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. तमिळ लोकांची दिवाळी तीच. पहाटे अभ्यंग उरकून लोक एकमेकांना 'गंगास्नान आच्चा?' म्हणजे 'झाले का गंगास्नान?' असे विचारत रस्त्याने चालले होते, आणि आमच्या दारात कोणी काही विचारीना.

घरी सगळे म्हणाले, हृदय बंद पडले. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टर मित्राने मला सांगितले की तो धूर असाच असतो. शिरताना फार त्रास देत नाही. कित्येक तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. माणूस जेवतो, हसतो, आणि तोवर आत काम चालू झालेले असते. हे त्या काळी आमच्या धंद्यात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. 'रात्रीचा दम' असा शब्द होता. शब्द असला म्हणजे माणसाला वाटते, गोष्ट कळली.

आण्णांचे तेरावे गावी झाले. त्या वेळी मिरजेहून बंगळूर, बंगळूरहून जोलारपेट आणि मग सेलम, असा आमचा रेल्वेचा रस्ता. वाटेत बंगारपेट लागे. पूर्वी त्याला बाउरिंगपेट म्हणत. कानडी-तेलुगूत बंगारु म्हणजे सोने. इथून एक फाटा कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जातो. प्रत्येक खेपेला तात्या खिडकीतून हात दाखवीत, 'तिकडं सोनं निघतंय बघ जमिनीतनं.' मी एकदा विचारले, 'मग आपण तिथं का नाही जात?' तात्या म्हणाले, 'ते खाली जाऊन आणत्यात. आपल्याकडं लोक आपल्या पायानं आणून देत्यात.'

ती खाण मी पाहिली ती पुष्कळ उशिरा, शिक्षकाच्या नोकरीतून सुटल्यावर. आणि तोवर ती बंद होऊन गेली होती. २८ फेब्रुवारी २००१ ला तिचे काम थांबले. १८८० मध्ये एका इंग्रज कंपनीने ती चालवायला घेतली, त्यापासून एकशेवीस वर्षे. शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज १९०२ साली इथे आली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागायला त्यानंतर तीन वर्षे गेली. चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल. इतकी खोल की मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपली उपकरणे तिच्यात नेऊन ठेवली आणि १९६५ साली वातावरणातल्या न्यूट्रिनोंची चाहूल घेतली. खडक दाबाखाली अचानक फुटे, माणसे गाडली जात. दगडाची धूळ छातीत बसून मरणाऱ्यांची तर गणतीच निराळी. सगळे मिळून सुमारे आठशे टन सोने निघाले. शेवटी शेवटी एक टन दगड फोडला तर तीनेक ग्रॅम मिळे. म्हणजे एका तोळ्याला जवळजवळ चार टन दगड, तीन किलोमीटर खालून.

मी गेलो तेव्हा विहिरींवरची लोखंडी चाके गंजून उभी होती, आणि त्यांच्याभोवती दळलेल्या दगडाचे मोठमोठे पांढुरके डोंगर. त्यांना तिथे सायनाइडचे डोंगर म्हणतात, कारण सोने काढून घेण्यासाठी दगडाचे पीठ सायनाइडच्या पाण्यात मुरवीत. वारा सुटला की ती पूड घराघरांत शिरते. एक म्हातारा भेटला, खाणीतच जन्म गेलेला. माझे तमिळ ऐकून खूश झाला. मी गलाईवाल्याचा मुलगा म्हटल्यावर त्याने माझ्या दातांकडे पाहिले आणि मी त्याच्या छातीचा आवाज ऐकत राहिलो. एकाच मालाचे आम्ही दोघे; तो उगमाकडचा, मी मुखाकडचा. त्या डोंगरांत अजून थोडे थोडे सोने आहे, ते पुन्हा काढायच्या योजना अलीकडे निघाल्या आहेत. झारेकऱ्याचेच काम; केर तेवढा मोठा.

आज देशात सोन्याची खरी चालू खाण म्हणावी तर कर्नाटकातलीच हट्टीची. रायचूर जिल्ह्यात, अशोकाचे नाव असलेला शिलालेख जिथे सापडला त्या मस्कीपासून जवळच. दोन हजार वर्षांपूर्वी माणसे तिथे लाकडे पेटवून खडक तडकावीत खाली गेली होती. तिथून आता वर्षाला दीडेक टन सोने निघते. आणि आपण दरवर्षी बाहेरून आणतो ते सात-आठशे टन. म्हणजे कोलारने एकशेवीस वर्षांत जेवढे दिले तेवढे आपण एका वर्षात घेतो! चांदीचे थोडे बरे. राजस्थानात शिसे नि जस्त गाळताना ती पुष्कळ निघते. आणि घरोघरच्या डब्यांत, कपाटांत, बँकांच्या तिजोऱ्यांत मिळून पंचवीस हजार टनांच्या आसपास सोने असावे, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. खाणवाले नकाशे घेऊन डोंगर धुंडाळतात. या देशातली सगळ्यांत मोठी शीर फडताळात, जुन्या लुगड्याच्या घडीत आहे. आमचे लोक तीच खणत आले.

या खाणीचे एक वैशिष्ट्य असे की हिच्यातून माल निघतो तो सुबत्तेत नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मी गावाकडे शाळेत शिक्षक होतो. खडी फोडायला सारा गाव जाई. सुकडीवर पोरे जगत. सोने आमच्याकडे मुळात थोडे, ते आधीच्या वर्षीच गेले होते. त्या वर्षी चांदी निघाली. वाळे, करदोडे, वेळा, तोडे, जोडवीसुद्धा. विट्याच्या बाजारात सराफाच्या तराजूत बायका कनवटीचा कागद सोडीत आणि तोंड फिरवून उभ्या राहत. माझ्या वर्गातल्या पोराच्या कमरेचा करदोडा गेला, तिथे आईने काळा दोरा बांधला. पोराचा हात सारखा त्या दोऱ्याला जाई. मी तात्यांना पत्रात हे लिहिले. तात्यांचे उत्तर आले: इकडे या साली चांदी फार येत आहे, लगडी मुंबईहून येतात, भाव पडला आहे, दोन भट्ट्या लावल्या आहेत. खाली एवढेच, की लगडीवर गाव लिहिलेले नसते. आमच्या गावच्या पोरांचे वाळे सेलमच्या पोरींचे पैंजण होऊन वाजले की नाही, हे कोणालाही सांगता यायचे नाही. मुशीचे कामच ते. सासूचे दिलेले, माहेरचे आणलेले, चोरलेले, गहाण पडलेले, सारे हजार अंशांच्या आत-बाहेर एक होते. मोडी लिपी वाचणारे निदान शोधून सापडतात. मोडीचे सोने वाचणारा कोणी नाही.

तात्यांची एक सवय होती, ती मी तिथे राहत असतानाच पाहिली होती. बाजारातला माल आला की लगेच भट्टीत. पण एखादी बाई स्वतः डाग घेऊन आली, आणि तो पोराचा असला किंवा ती देताना तिचा हात अडखळला, तर तात्या पैसे पुरते देत, नि डाग फळीवरच्या डब्यात ठेवीत. आठ दिवस. आई चिडे. 'सावकारी तरी करा, न्हाईतर गलाई तरी करा,' म्हणे. आठ दिवसांत परत येणारी शंभरात एकही नसे. मी असताना एकच आली, एका विणकराची बायको, सहाव्या दिवशी. दिले तेवढेच पैसे मोजून तिने पोराचा करदोडा नेला. तात्यांनी व्याज घेतले नाही, आणि घेतले नाही याचा उल्लेखही केला नाही. पण नवव्या दिवशी जे डाग राहत ते ते स्वतः मुशीत घालीत. त्या वेळी पोरांना भाता देत नसत.

दुकान आता पुतण्या चालवतो. आण्णांचा नातू लागतो नात्याने, म्हणून तेजाबाच्या बाबतीत तो फार कडक आहे. धूर ओढून घेणारा पंखा, पुढे सोड्याच्या पाण्याची टाकी, तिच्यातून गेल्यावाचून बाहेर वारा नाही. कसोटीचा दगड पेटीत पडला आहे. क्षकिरणांच्या यंत्राखाली डाग ठेवला की अर्ध्या मिनिटात सोने किती, चांदी किती, तांबे किती, ते पडद्यावर येते. २०२१ पासून सराफाच्या नव्या दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक नगावर सहा अक्षरी-अंकी खूण. उत्तरेत मोठमोठे शुद्धीकरण कारखाने निघाले आहेत, परदेशी खाणींतल्या अर्ध्या शुद्ध लगडी जहाजांनी नि विमानांनी त्यांच्याकडे येतात. त्यांच्यापुढे बोळातले दुकान किती दिवस टिकेल, म्हणून पुतण्या काळजीत असतो. गावाकडे टेंभूचे पाणी आले आहे, डाळिंबे लागली आहेत. त्याच्या धाकट्या भावाने तिकडेच राहायचे ठरवले. भाता धरायला आता गावचा पोर मिळत नाही, आणि मला विचाराल तर हे उत्तम झाले.

मागच्या दिवाळीत मी सेलमला गेलो होतो. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाख रुपयांचा आकडा ओलांडला, आणि मोड फार येत होती. भाव चढला म्हणून हौसेने मोडणारेही होते, पण तेवढेच नव्हते. मी फळीवरच्या डब्याचे विचारले. पुतण्या म्हणाला, 'काका, आठ दिवस कुठले? आठ तासांत भाव हलतोय. डबा भरून ठेवला तर मीच मोडायचा.' त्याचे खरे आहे. मग म्हणाला, 'पण फोटो काढतो.' येणारा प्रत्येक डाग गाळण्यापूर्वी तो मोबाइलवर टिपून ठेवतो. उद्या चोरीचा निघाला, पोलीस आले, तर दाखवायला असावा म्हणून. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला नि तो भट्टीकडे गेला.

मी खुर्ची ओढून बसलो. पांढऱ्या कागदावर एकेक डाग, शेजारी वजनाचा आकडा, तारीख. नवरीच्या बांगड्या. एका कानातले एकच कुडे. देवाचा टाक वाटावा असा एक चपटा तुकडा. तमिळ बायकांची ताली, तिचा पिवळा दोरा न सोडताच ठेवलेली. एक ठुशी होती, कोणी कोल्हापूरकडचे तिकडे राहायला गेले असावे. मधला एक मणी गळालेला, तिथे कोणीतरी लाल रेशमाची गाठ मारून जागा भरली होती. बोटाने सरकवत मी मागे मागे जात राहिलो. दोन हजारांच्या वर असतील. आतून पुतण्याची बायको म्हणाली, 'काका, पानं वाढलीत,' आणि मी म्हटले, आलोच, एवढा श्रावण होऊ दे.